त्रेचाळिसावे पान

शिवणाऱ्याने पान वाचायचे असते का? दप्तरखान्यात आयुष्य काढलेल्यांना हा प्रश्न विचारून पाहिला, इतिहासाच्या अभ्यासकांनाही विचारून पाहिला. ‘नसते’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने लेखी नियम होता. ‘असते’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने एका म्हाताऱ्याची वाया गेलेली सोळा वर्षे होती. प्रस्तुत लेखकाला उत्तर देता आलेले नाही. तेव्हा ज्या माणसामुळे हा प्रश्न उभा राहिला, त्याची हकीकतच सांगणे बरे.

त्यांना दप्तरखान्यात सगळे टाकेमास्तर म्हणत. खरे नाव हजेरीपटाखेरीज कुठे लागत नसे, आणि हजेरीपटही वर्षअखेर त्यांच्याकडेच शिवायला येई. दप्तरखाना जुन्या पागेत होता. भिंतींत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून होत्या आणि त्या कड्यांना आता सुताच्या लडी टांगलेल्या असत. अगदी शेवटचे ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, टाकेमास्तरांचे. तिथे पुस्तके दाबून धरायचा एक शिकंजा, खळीचे पातेले, पुठ्ठ्यांची चळत, आणि घोड्याच्या मानेच्या उंचीवर एक खिडकी. खिडकीतून फक्त आभाळ दिसे. त्यामुळे काम सोडून बघण्यासारखे काही नसे, आणि टाकेमास्तरांना त्याची खंतही नसे.

कागद होते एका बुडालेल्या संस्थानाचे. संस्थान डोंगरी होते. वरचे खोरे, खालचे खोरे आणि दोहोंच्या मधे बर्फाची एक खिंड, एवढाच त्याचा भूगोल. राजा होता, पण राजाच्या उशाशी साम्राज्याचा एजंट बसलेला होता, आणि कागद दोघांच्याही कचेऱ्यांतून निघत. संस्थान गेले, एजंट गेला, कागद उरले. ते शिवून, जोडून, पुठ्ठ्यात घालून ठेवणे हे टाकेमास्तरांचे काम.

हे काम त्यांनी १९७० साली, एकोणतिसाव्या वर्षी धरले. त्याआधी ते शाळेच्या वह्या शिवत. कोऱ्या वह्या शिवणारा माणूस लिहिलेल्या कागदांपाशी आला, तेव्हा वस्तादाने त्यांना पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितले होते, “डोळा कागदावर ठेवायचा, अक्षरावर नाही. वाचणाऱ्याची सुई थांबते.” वस्ताद संस्थानच्या काळापासूनचा. त्याने एक छापील कागद पुढे केला: ‘हाती आलेल्या कागदांतील मजकूर वाचणार नाही व वाचल्यास कोणास सांगणार नाही.’ टाकेमास्तरांनी तो वाचला आणि खाली सही केली. दप्तरखान्यात त्यांनी नीट वाचलेला तो बहुधा पहिला आणि पुढची एकोणतीस वर्षे तरी शेवटचा कागद.

नियमाची गंमत अशी की त्याने काम खरोखरच चांगले होई. टाकेमास्तरांची जुजबंदी, म्हणजे घडीच्या पानांचे जुज एकमेकांना शिवणे, बघायला दुसऱ्या गावांहून माणसे येत. त्यांनी बुजवलेले भोक उजेडाला धरल्याशिवाय सापडत नसे. एकोणतीस वर्षांत एकही ग्रंथ परत आला नाही, सेवापुस्तिकेत एकही शेरा नाही. ३० सप्टेंबर १९९९ला ते निवृत्त व्हायचे होते, आणि अधीक्षक बाईंनी निरोपाच्या भाषणात घालायला म्हणून ‘निष्कलंक’ हा शब्द आधीच बाजूला काढून ठेवला होता.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक ग्रंथ परत आला.

तो होता १९०९ सालच्या बंडाचा. बंड म्हणजे तरी काय. एजंट दर शरद ऋतूत लवाजम्यासह खिंड ओलांडून वरच्या खोऱ्यात जाई, आणि त्याचे सामान खोऱ्यातल्या माणसांनी पाठीवर वाहायचे असा दंडक होता. त्या सामानात एक लोखंडी न्हाणटबही असे. टबाला आठ माणसे लागत. १९०९ साली माणसांनी ओझी खाली ठेवली आणि उचलायचे नाकारले. त्यांतल्या एकोणीस जणांना हद्दपार केले गेले. बहुतेक परत आले नाहीत.

त्या ग्रंथावर एका प्राध्यापकांनी १९८३ साली पुस्तक लिहिले होते. पुस्तक गाजले. त्याच्या एकशे बेचाळिसाव्या पृष्ठावर सत्तावीस नावांची एक यादी छापली होती. प्रत्येक नावापुढे बारा, तेरा, चौदा असा एकेक आकडा. यादीखाली सही होती खालच्या खोऱ्यातल्या जोडे शिवणाऱ्याची. हद्दपार झालेले एकोणीसही जण यादीत होते. प्राध्यापकांनी अर्थ लावला: ही फितुराची यादी, आकडे म्हणजे सुचवलेल्या शिक्षेचे महिने, उरलेले आठ बहुधा आधीच पळाले. तेव्हापासून जोडेवाल्याच्या घराला गावात ‘यादीवाले’ असे नाव पडले. जोडेवाल्याचा नातू तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता आणि बाजारपेठेत त्याचे जोड्यांचे दुकान होते. वर्षभरात दुकान बंद पडले.

आता बंडाला नव्वद वर्षे होत होती. ओझी जिथे खाली ठेवली गेली तिथे एक शिळा बसायची होती, १० ऑक्टोबरला. एकोणीस नावे आणि त्याखाली प्राध्यापकांनी लिहून दिलेली एक ओळ: ‘स्वकीय जोडेवाल्याच्या यादीने हा घात झाला.’ स्मरणिकेत त्या पानाचे छायाचित्र हवे होते. ग्रंथ कॅमेऱ्यापुढे उघडताना कणा मोडला, म्हणून तो टाकेमास्तरांकडे आला.

त्यांनी जुने सूत कापले, जुज सुटे केले. पानांवर त्यांनी स्वतःच टोचलेली तीन-तीन भोके होती, सरळ, एका अंतरावर. मग यादीचे पान हातात आले आणि त्यांचा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबला. तिथे कागद किंचित जाड होता. त्यांनी पान खिडकीपुढे धरले. कोपऱ्यात बुजवलेले भोक होते. बुजवलेल्या लगद्याला निळसर झाक होती.

निळा लगदा त्यांनी आयुष्यात एकाच वर्षी वापरला होता. १९७१ साली पांढरा कागद मिळेना, म्हणून साखरेच्या पुड्यांचा निळा कागद भिजवून त्यांनी काम भागवले होते.

आणि कोपऱ्यात भोक? एजंटच्या कचेरीचे कागद कडेला शिवलेले असत. कोपऱ्यात दोरा ओवायची रीत राजवाड्याच्या सामानकोठीची. तिथे सामानाच्या याद्या एकेका दोऱ्यात ओवून खुंटीला टांगत. म्हणजे हे पान बंडाच्या कागदांतले नव्हतेच. ते कोठीतले होते, आणि ते बंडात आणून शिवले होते टाकेमास्तरांनीच.

त्यांना ते १९७१ साल आठवले. राजवाड्याच्या कोठीचे छप्पर गळून पेट्या भिजल्या होत्या. पागेच्या फरशीवर हजारो ओली पाने पसरून वाळवली, दोरे कुजून गेलेले, पानांचे पानांशी नाते तुटलेले. वस्ताद म्हणाला होता, “मापानं लाव. संस्थानच्या कागदाचा साचा दर वर्षी बदलायचा. माप एक म्हणजे साल एक.” ते खोटे नव्हते. साल बरोबरच आले. पण एका सालात राज्याचे सगळेच कागद एका मापाचे असतात, बंडाचेही आणि घोड्यांच्या चंदीचेही. त्या ढिगातून टाकेमास्तरांनी पंधरा ग्रंथ शिवले होते, कडा एका रेषेत छाटून, एकही अक्षर न वाचता.

त्या दिवशी ते घरी गेले आणि जेवणावरून तीनदा उठले.

“काय हो, पाटाला काटे आहेत का?” पत्नीने विचारले.

“पाणी घ्यायला उठलो.”

“पाणी तुमच्या समोर आहे.”

ते बसले. पुन्हा उठून दाराशी जाऊन आले.

“कुणी यायचंय का?”

“नाही.”

“मग दाराला सांगा तसं. ते बिचारं मघापासून वाट बघतंय.” तिने ताट सारले. “एकोणतीस वर्षं माणूस घरी येऊन गप्प बसायचा, तेव्हा मला वाटायचं बोलावा जरा. आता वाटतं, बसावा जरा.”

त्यांनी तिला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, “तुम्ही वाचलं नाहीत, हे मला नवीन नाही. मी लग्नाआधी लिहिलेली पत्रंसुद्धा तुम्ही घड्या नीट करून ठेवलीत. वाचलीत कधी?”

“वाचली की.”

“हो का? दुसऱ्यात काय होतं?”

टाकेमास्तर तिसऱ्यांदा उठले, पाणी घ्यायला.

दुसऱ्या दिवशी ते प्राध्यापकांच्या घरी गेले. प्राध्यापक भला माणूस होता, फक्त आपल्या पुस्तकाशी त्यांचे नाते बापाचे होते. त्यांनी टाकेमास्तरांना खुर्ची दिली, चहा मागवला, कोपऱ्यातल्या भोकाची हकीकत हसत हसत ऐकली.

“मास्तर, एक भोक म्हणजे पुरावा नव्हे. कोठीतून एखादा कागद एजंटने मागवला नसेल कशावरून? फितुराची यादी कोठीच्या कारकुनाने लिहून घेतली नसेल कशावरून?”

“असेलही. पण मग कडेला जुनी भोकं असती. माझ्या तीन भोकांशिवाय—”

“तुमच्या तीन भोकांवर मी इतिहास बदलू?” प्राध्यापकांनी मान हलवली. “माणसांची कामं वाटून दिलेली असतात. तुम्ही शिवा, मी वाचतो. आणि खरं सांगू का, शिळेवरची ओळ पाथरवटाकडे गेलीसुद्धा.”

“कधी कोरणार?”

“नावं आधी. ओळ शेवटी, सप्टेंबर संपता संपता. लेखी पुरावा आणा, मी स्वतः जाऊन छिन्नी थांबवतो. तोंडी नको.”

हे वाक्य प्राध्यापकांनी सहज टाकले होते. टाकेमास्तर ते घेऊन निघाले आणि पुढचे पाच आठवडे त्यांच्या पायाला भिंगरी लागली.

जेवणाच्या सुट्टीत ते सामानकोठीच्या कपाटांपुढे जाऊन बसू लागले. १९७१ साली ज्यांचे दोरे पुरते कुजले नव्हते असे दोनशे अकरा गठ्ठे तिथे तसेच पडून होते, कुणी न शिवलेले, कुणी न मागितलेले. ते गठ्ठा सोडत आणि पहिल्यांदाच वाचत. वाचायची सवय नसल्याने ओठ हलत. मोडक्या अक्षराचे वळण ध्यानात यायला आठवडा गेला. मग मात्र त्यांना थांबता येईना. किती मण गवत, किती दोर, न्हाणटबाला नवा कान बसवला, टब वाहणाऱ्या आठांपैकी दोघांची बोटे बर्फाने गेली. खिंड ओलांडताना घालायला संस्थान माणसांना जोडे देई आणि पलीकडे पोचताच काढून घेई. परतीच्या वाटेवर पुन्हा देई. एका कागदावर फक्त एवढेच होते: ‘तीन जोडे परत आले नाहीत. माणसेही नाहीत.’

या मजकुरावरून आपण आयुष्यभर सुई ओढत गेलो, हे त्यांना एकदम कळले. ते उठून पागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात, परत येत, पुन्हा बसत. शिपाई म्हणाला, “मास्तर, इथं पूर्वी घोडे असेच फेऱ्या मारायचे म्हणतात.”

एकदा १८९६ सालचा एक हुकूम सापडला. एजंटने लिहिले होते की दप्तर शिवणारे शक्यतो निरक्षर निवडावेत. तसे न मिळाल्यास मजकूर न वाचण्याची कबुली लेखी घ्यावी, म्हणजे कचेरीतली गोष्ट खोऱ्यात जाणार नाही. टाकेमास्तरांनी तो हुकूम दोनदा वाचला. वस्तादाने शिकवलेली कारागिरीची पहिली शिस्त एका गोऱ्या साहेबाच्या भीतीतून निघाली होती, आणि साहेब गेल्यावर बावीस वर्षांनी त्यांनी तिच्याखाली खुशीने सही केली होती.

११ सप्टेंबरला एकशे चौऱ्याहत्तरावा गठ्ठा सुटला. कोपऱ्यात दोरा होता, अर्धा कुजलेला, एखादे पान निसटावे इतका सैल. पानांच्या माथ्यावर तांबड्या शाईचे आकडे: एकेचाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस. त्रेचाळीस नव्हते. बेचाळिसावर दिव्याच्या तेलाचा अंगठ्याएवढा डाग होता, चव्वेचाळिसावर वाटाण्याएवढा. टाकेमास्तर जवळजवळ धावत आपल्या ठाणात गेले आणि यादीचे पान घेऊन आले. त्यावर त्याच जागी डाग होता, चिंचोक्याएवढा. पानाच्या वरच्या कडेला तांबडे दोन ठिपके होते. त्रेचाळीस हा आकडा त्यांनी स्वतःच्या पातीने छाटून टाकला होता; त्याचे पाय तेवढे उरले होते.

बेचाळिसावे पान म्हणजे कोठीवाल्याचा अर्ज: सत्तावीस माणसांच्या जोड्यांसाठी कातडे मिळावे. चव्वेचाळिसावर एजंटचा शेरा: जोड्यांची गरज दिसत नाही, आहे त्या पायांनी जावे. खाली तारीख, ओझी खाली ठेवली गेली त्याच्या सहा दिवस आधीची.

मधल्या पानाचे आकडे मात्र अजून कळेनात. बारा, तेरा, चौदा काय? त्यांनी एका कोऱ्या कागदावर ती यादी उतरवून काढली. उतरवताना त्यांचा जुना हात मदतीला आला. अर्थ लावायची सवय नसल्याने त्यांनी जे दिसेल ते सगळे उतरवले, काही आकड्यांपुढे टिंब होते तेसुद्धा. मग तो कागद खिशात घालून ते बाजारपेठेत बंद दुकानाच्या मागच्या दाराशी उभे राहिले.

दार एका पन्नाशीच्या बाईने उघडले. ती जोडेवाल्याची पणती, सरकारी इस्पितळात परिचारिका. टाकेमास्तरांना पाहून तिच्या कपाळावर आठी चढली. ते पान बघायला मिळावे म्हणून तिने चार वेळा दप्तरखान्यात अर्ज केला होता, आणि चारही वेळा ‘अर्जदार संशोधक नाही’ म्हणून तो परत आला होता.

“या ना,” ती म्हणाली. “पाचवा नकार घरपोच द्यायची सोय झाली वाटतं?”

“नाही. तुमच्या वडिलांना काही विचारायचं होतं.”

“त्यांना सोळा वर्षांत कुणी काही विचारलेलं नाही. सांगतात सगळे.” तरी ती बाजूला झाली. “जोडे काढू नका. त्यांना आवडत नाही. पायातला जोडा बघितल्याशिवाय ते माणूस ओळखत नाहीत.”

आत दुकान होते तसेच होते. भिंतीवर लाकडी साचे ओळीने टांगलेले, डावा-उजवा, डावा-उजवा. कातडे कापायची रापी तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. म्हातारा चौऱ्याऐंशीचा होता. त्याने वर न बघता म्हटले, “टाच एका बाजूनं झिजलीय. फार फेऱ्या मारता.”

टाकेमास्तरांनी कागद पुढे केला. “हे आकडे कसले असतील, आजोबा?”

“महिने. पुस्तकात लिहिलंय. पाठ आहे मला.”

“पुस्तकातले नका बघू. हे पानावर आहेत तसे आहेत.”

म्हाताऱ्याने कागद डोळ्यांजवळ नेला. बोट पहिल्या नावावर ठेवले, आकड्यावर सरकवले, आणि टिंबावर आल्यावर बोट तिथेच राहिले.

“हे टिंब तुम्ही घातलंत?”

“नाही. पानावर आहे. असं नऊ ठिकाणी आहे.”

“पुस्तकात नव्हतं.”

“शाईचा शिंतोडा समजून सोडलं असेल.”

“शिंतोडा!” म्हातारा उठायला लागला. लेक पुढे धावली, तिला त्याने हाताने मागे सारले. “अगं, रुंद पंजा आहे तो! तेरा अंगुळं आणि पंजा रुंद. आमच्याकडे आकड्यापुढं टिंब दिलं की पुढचं कातडं सैल सोडायचं. माझा बाप असंच लिहायचा. मी असंच लिहायचो. पाय जोड्यातून बाहेर काढा.”

“माझा?”

“मग कुणाचा?”

टाकेमास्तरांनी पाय पुढे केला. म्हातारा खाली बसला, त्याने त्यांच्या टाचेपासून बोटे एकाला एक लावत नेली, एकदाही न चुकता. “तेरा,” तो म्हणाला. पंजा चिमटीत धरून बघितला. “टिंब.”

मग परिचारिका म्हणाली, “म्हणजे पणजोबांनी त्यांचे पाय मोजले होते.”

“सत्तावीस माणसांचे. जोडे मागितले होते त्यांच्यासाठी,” टाकेमास्तर म्हणाले. “ते नाकारले गेले, म्हणून ओझी खाली ठेवली गेली असावीत. कोठीतले मागचे-पुढचे दोन्ही कागद सापडलेत.”

“आणि हा कागद फितुरीत कसा गेला?”

हा प्रश्न येणार हे त्यांना वाटेतच ठाऊक होते. “मी शिवला,” ते म्हणाले. “वरचा क्रमांकही मीच छाटला.”

म्हातारा जमिनीवरच बसून होता, त्यांचा पाय अजून त्याच्या हातात. “शिवताना वाचलं नाहीत?”

सहीची गोष्ट सांगता आली असती, वस्तादाची सांगता आली असती, १८९६ सालच्या हुकमाचीही. त्यांतले काही त्या खोलीत सांगण्यासारखे टाकेमास्तरांना वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अधीक्षक बाईंपुढे तिन्ही पाने ठेवली आणि दुरुस्तीची नोंदवही मागितली. बाईंनी पाने पाहिली, डाग पाहिले, आणि दार लावून घेतले.

“मास्तर, पाने मी योग्य जागी लावून घेते. गुपचूप. नोंदीची काय गरज?”

“प्राध्यापकांना लेखी हवंय.”

“मग ‘आढळून आले’ असं लिहू. कुणी केलं ते कशाला?”

“कुणी केलं ते नसेल तर ते म्हणतील, पान मुळात तिथंच होतं. मी तिथं नेलं, हे मीच सांगू शकतो. दुसरं कुणी जिवंत नाही.”

“आणि मूळ कागदाची कड छाटली, क्रमांक नष्ट केला? हा गुन्हा आहे हो. चौकशी लागेल. निवृत्तीला सतरा दिवस राहिलेत. सेवापुस्तिकेत लाल शेरा घेऊन जाणार का घरी?” बाई खरोखरच कळवळून बोलत होत्या. “एकोणतीस वर्षं डाग नाही तुमच्या नावावर.”

“डाग होता,” टाकेमास्तर म्हणाले. “दुसऱ्याच्या नावावर पडला होता.”

त्यांनी नोंद लिहिली. दप्तरखान्यात त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेला हा पहिला मजकूर. तो साडेचार ओळींचा आहे. ‘१९७१ साली सामानकोठीचे पान क्रमांक ४३ मी मजकूर न वाचता, केवळ माप सारखे म्हणून, बंडाच्या ग्रंथात शिवले. कड सारखी करताना क्रमांक छाटला गेला. कोपऱ्यातील भोक मी निळ्या लगद्याने बुजवले. तेलाचा डाग पान ४२ व ४४ यांवर जुळतो. त्याच ढिगातून मी आणखी चौदा ग्रंथ शिवले आहेत.’ खाली पूर्ण नाव, तारीख १३ सप्टेंबर १९९९.

शेवटचे वाक्य वाचून अधीक्षक बाईंनी डोक्याला हात लावला. “हे चौदा कुणी विचारले होते का तुम्हाला?”

“नाही. पण मला झोप लागत नाही.”

प्राध्यापकांनी नोंदीची नक्कल वाचली. मग त्यांनी आपले पुस्तक उघडले, एकशे बेचाळिसावे पृष्ठ काढले आणि टाकेमास्तरांनी उतरवलेला कागद शेजारी ठेवून टिंबे मोजली. “नऊ,” ते म्हणाले. “नऊही मीच पुसली. मुद्रितं तपासताना. स्वच्छ दिसावं म्हणून.” त्यांनी टोपी घातली. “चला, पाथरवटाकडे. तुम्हीही या, नाहीतर मी वाटेत विचार बदलेन.”

पाथरवटाची नावे लवकर उरकली होती आणि तोवर त्याने ‘स्वकीय’ हा एक शब्द कोरला होता. तो शब्द त्याने घासून काढला. शिळा बसली तेव्हा एकोणीस नावांखाली दगडाचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा गुळगुळीत राहिला. कार्यक्रमाला आलेल्या बहुतेकांना तो दिसला नाही. म्हाताऱ्याला दिसला. लेकीचा हात धरून, स्वतः शिवलेले नवे जोडे घालून तो भर बाजारपेठेतून चालत आला होता, आणि त्याने तिथे अंगठा फिरवून पाहिला. बाजूला उभ्या असलेल्या टाकेमास्तरांच्या पायांकडे बघून तो म्हणाला, “टाच अजून झिजतेच आहे. दुकानाकडे या. माप आहे माझ्याकडे.”

निरोपसमारंभ झाला नाही, कारण चौकशी चालू होती. सेवापुस्तिकेत लाल शेरा पडला. टाकेमास्तर घरी बसले असे म्हणता येत नाही, कारण बसणे त्यांना जमलेच नाही. दर सोमवारी ते दप्तरखान्याच्या वाचनकक्षात येत, रांगेत उभे राहून अर्ज भरत: चौदांपैकी अमुक ग्रंथ उसवून तपासावा. अर्जावर ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहावे याचा पहिल्या दिवशी त्यांना प्रश्न पडला होता. पुढच्या सोमवारी पत्नीने घरूनच बजावून पाठवले, “वाचक म्हणून लिहा. आणि घरी आल्यावर माझं दुसरं पत्र वाचा, कपाटात वरच्या खणात आहे. मी विचारणार आहे.”

म्हातारा २००२ साली वारला. प्राध्यापकांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती २००४ साली निघाली. यादी तीत टिंबांसह छापली आहे.

१९७१ सालच्या ढिगातून शिवलेल्या उरलेल्या चौदा ग्रंथांपैकी, डिसेंबर २००९ अखेर, दोन उसवून तपासण्यात आले होते.